ढिला नट ही कुणाची चूक? इंजिनाच्या हवेच्या वाटेचा एक छोटा इतिहास

मागच्या लेखानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. संशोधनाचा प्रश्न लिहायचा कसा ते कळलं, पण तो सापडतो कुठे? याचं पुस्तकी उत्तर "आधीचं साहित्य वाचा, त्यातली पोकळी शोधा" असं आहे, आणि ते खोटं नाही. माझ्या बाबतीत मात्र आधी इंजिन फुटलं आणि मग मी साहित्य वाचायला बसलो. आज ती गोष्ट सांगतो, आणि तिच्या निमित्ताने माझ्या विषयाचा थोडा इतिहास. विषय साधा आहे: गाडीच्या इंजिनात हवा जिथून शिरते त्या वाटेवरचे छोटे नट, स्क्रू, पाती का सुटतात, सुटल्यावर काय होतं, आणि हे समजायला अभियंत्यांना इतका वेळ का लागला.

पिस्टनवरचे षटकोन

बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला मी कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये होतो. फॉर्म्युला स्टुडंट नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा असते, त्यासाठी आम्ही गाडी बांधत होतो. इंजिन मोटरसायकलचं, ३७३ सीसीचं, एका सिलिंडरचं. या स्पर्धेचा नियम असा की पेट्रोल इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. त्यामुळे कंपनीने दिलेला एअर बॉक्स जसाच्या तसा चालत नाही. थ्रॉटल, ते अरुंद भोक, त्यामागची हवेची टाकी आणि तिथून इंजिनापर्यंतचा पाइप हे सगळं टीमला स्वतः बनवावं लागतं. थोडक्यात, हवेची पूर्ण वाट मॉडिफाय केलेली.

आमची टाकी थ्रीडी प्रिंट केलेल्या नायलॉनची होती. तिच्या आत, पाइपच्या तोंडाशी, ॲल्युमिनियमचं एक भोंगा-तोंड चार एम४ नट-बोल्टांनी बसवलं होतं. प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर. टेस्टिंगच्या दिवशी तिसऱ्या फेरीला इंजिनातून टक-टक-टक असा आवाज आला आणि काही सेकंदांत इंजिन बंद पडलं. हेड उघडलं तर पिस्टनच्या डोक्यावर षटकोनी ठसे, एकावर एक, वेगवेगळ्या कोनांत. स्पार्क प्लगचं टोक चेपलेलं, एक व्हॉल्व्ह वाकलेला. टाकीतल्या चारपैकी एक नट गायब होता आणि उरलेले तीन बोटाने फिरत होते.

ते नट सेकंड इयरच्या एका मुलाने आवळले होते. तो म्हणाला, "दादा, मी टॉर्क रेंचनेच आवळलंय, पेंट मार्कपण मारलाय." त्याच्या मोबाइलमध्ये आदल्या रात्रीचा फोटोही होता. पण इंजिन गेलं होतं, स्पर्धा तोंडावर होती आणि सगळे वैतागलेले. टीमच्या नोंदवहीत कारण लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं: "जोडणीतील निष्काळजीपणा. नट नीट आवळलेले नव्हते." दोन महिन्यांनी त्या मुलाने टीम सोडली.

हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी त्याकडे परत येऊ.

एक ग्रॅमपेक्षा हलका नट काय करू शकतो

एम४चा साधा नट ७ मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड असतो. वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी. आता सिलिंडरच्या आतली जागा बघा. पिस्टन सगळ्यात वर आला की त्याच्या कडेचा भाग आणि हेड यांच्यात बऱ्याच इंजिनांत जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. व्हॉल्व्हसाठी केलेल्या खळग्यांत थोडी जास्त असते, म्हणून तर नट आत राहू शकतो आणि इकडून तिकडे उडू शकतो.

इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर येतो. म्हणजे चालकाने आवाज ऐकून एका सेकंदात चावी बंद केली, तरी तोवर घणाचे शंभर घाव बसलेले असतात. ठसे एकावर एक का होते, ते आता कळलं असेल.

एकाहून जास्त सिलिंडर असतील तर नुकसान एकाच ठिकाणी थांबेल याची खात्री नसते. व्हॉल्व्ह उघडमिटीच्या काही क्षणांत वायू उलटा, मॅनिफोल्डकडे ढकलला जातो. त्याबरोबर तुकडा मागे येऊन शेजारच्या सिलिंडरमध्ये शिरू शकतो. पुढे एक्झॉस्टमधून बाहेर पडला आणि वाटेत टर्बोचार्जर असेल, तर तिथली पाती आहेतच.

टर्बोच्या गाडीत धोका आणखी अलीकडे सुरू होतो, कारण हवेच्या वाटेवर पहिली हलती वस्तू टर्बोचं पंखाचक्र असते. ५० मिलिमीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १,५०,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३९० मीटरच्या आसपास जातो. हा ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त आहे. क्लॅम्पचा सुटलेला स्क्रू तिथे लागला की पात्याचा टवका उडतो, चक्राचा तोल जातो आणि बेअरिंग खराब होतं. मग टर्बोचं तेल हवेच्या वाटेत गळायला लागतं. डिझेल इंजिनात याचा शेवट फार वाईट होऊ शकतो. इंजिन ते तेलच इंधन म्हणून जाळू लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. हवा तोडल्याशिवाय ते आवरत नाही.

आणि ज्यात माणसाचा जीव जाऊ शकतो असा धोका वेगळाच आहे. सुटलेला तुकडा इंजिनात गेलाच नाही, थ्रॉटलच्या पात्याच्या कडेला अडकून बसला, तर थ्रॉटल बंद होत नाही. पाय उचलला तरी गाडी ओढत राहते.

जुन्या कारागिरांना हे माहीत होतं

थ्रॉटल म्हणजे पाइपात आडव्या दांड्यावर बसवलेली गोल चकती. आपले मेकॅनिक तिला बटरफ्लाय म्हणतात. ही चकती दांड्याला दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. मोटारींच्या सुरुवातीच्या काळापासून ही रचना चालत आली आहे, आणि जागा बघा कशी आहे: एअर फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या अगदी तोंडाशी. इथला स्क्रू सुटला तर त्याला एकच वाट उरते.

म्हणून त्या काळातल्या बनवणाऱ्यांनी हे स्क्रू कधी नुसते आवळून सोडले नाहीत. स्क्रू बसवल्यावर त्याचं पलीकडे आलेलं टोक ठेचून पसरवायचं, म्हणजे तो फिरला तरी बाहेर येणार नाही. ब्रिटनमधल्या स्किनर बंधूंच्या कंपनीचे एसयू कार्बुरेटर प्रसिद्ध आहेत. ही कंपनी १९१० मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. आपल्याकडच्या अनेक ॲम्बॅसेडर गाड्यांमध्येही याच जातीचा कार्बुरेटर असे. त्यात थ्रॉटलच्या स्क्रूचं टोक मधोमध चिरलेलं असतं. आवळून झाल्यावर त्या दोन फाका उघडायच्या. विमानांच्या इंजिनांत बोल्टच्या डोक्यातून तार ओवून ती पीळ देऊन बांधण्याची पद्धत रुळली. चाकाच्या नटात स्प्लिट पिन घालतात, तोही याच घराण्यातला उपाय.

आमच्या कॉलेजजवळच्या गॅरेजमधल्या काकांना मी तो पिस्टन दाखवला, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पंच मारला होता का?" स्क्रूच्या कडेला पंचाने ठोकून धातू दाबायचा, याला ते पंच मारणं म्हणतात. मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तो कधी ना कधी जाणारच होता. आतला स्क्रू आवळून सोडायचा नसतो रे." त्यांनी कुठला शोधनिबंध वाचलेला नव्हता.

या ज्ञानाला एक मर्यादा होती. ते "काय करायचं" एवढं सांगत होतं, "का सुटतो" हे सांगत नव्हतं. आणि कारण माहीत नसलं की नियम जागेला चिकटून राहतो. थ्रॉटलच्या स्क्रूला लागू होणारी गोष्ट दुसऱ्या कुठल्या नव्या स्क्रूला लागू आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हॉट-रॉडचं वेड पसरलं. तरुण पोरं जुन्या गाड्यांचे एअर क्लीनर काढून टाकायची आणि कार्बुरेटरवर उघडे भोंगे लावायची. जिथे गोल एअर क्लीनर ठेवला जाई तिथे तो कार्बुरेटरच्या तोंडातल्याच एका दांड्यावर, एका विंग नटने धरलेला असे. कंपनीने आतले स्क्रू ठेचून दिले होते, पण हा वरचा विंग नट मालकाच्या हातात होता. तो कार्बुरेटरच्या तोंडात पडणं हा तिथल्या गॅरेजांमधला जुना, नेहमीचा अपघात आहे.

१९४५: प्रयोग बरोबर, दिशा अपुरी

थरथरीने नट का सुटतो, यावर गंभीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यात झालेला दिसतो. १९४५ मध्ये गुडियर आणि स्वीनी यांनी यावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. हे गुडियर म्हणजे टिमोशेंकोंबरोबर स्थितिस्थापकतेवरचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे. तुमच्यातल्या मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी ते कधीतरी उघडलं असेलच.

त्यांनी विचार असा केला. बोल्टवर त्याच्या लांबीच्या दिशेने ताण कमी-जास्त होत राहतो. ताण वाढला की नट किंचित फुगतो, बोल्ट किंचित बारीक होतो. त्यामुळे आट्यांवर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर अगदी थोडे घसरतात, आणि प्रत्येक फेरीला नट थोडासा सुटण्याच्या दिशेने सरकतो. हे तर्काला धरून आहे आणि मोजलंही गेलं. पण अशा प्रयोगांत नट फार थोडा फिरायचा. प्रत्यक्षात तर नट पूर्ण सुटून पडत होते.

मोजमाप आणि वास्तव यांच्यात एवढं अंतर असेल तेव्हा काय करायचं? सोपा मार्ग म्हणजे उरलेला दोष माणसावर टाकणे. "थिअरीप्रमाणे नट इतका फिरत नाही, म्हणजे मेकॅनिकने नीट आवळला नसणार." पिढ्यान्‌पिढ्या वर्कशॉपमध्ये हेच उत्तर मिळत आलं. मी आमच्या वहीत तेच लिहिलं होतं.

बाटलीतला उपाय

दरम्यान, कारण पूर्ण कळायच्या आधीच एक नवा उपाय आला. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये व्हर्नन क्रीबल हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करायचा. तिथे एक विचित्र द्रव तयार झालेला होता. हवा लागत असेपर्यंत तो पातळ राही, हवा तुटली की घट्ट होई. अडचण अशी की साठवायचा तर त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडत राहावे लागत. क्रीबल यांनी तो साध्या बाटलीत टिकेल असा केला. १९५३ मध्ये त्यांनी कंपनी काढली, १९५६ मध्ये हा पदार्थ जाहीरपणे बाजारात आला. त्याचं नाव लॉकटाइट. आज गॅरेजमध्ये कुठल्याही कंपनीच्या अशा द्रवाला लॉकटाइटच म्हणतात.

आट्यांमधल्या फटीत हवा नसते आणि धातू असतो. हा द्रव घट्ट व्हायला दोन्ही गोष्टी लागतात. हे वाक्य मॉडिफिकेशन करणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावं. प्लास्टिकच्या आट्यांत धातू नसतो, त्यामुळे तिथे तो नीट घट्ट होत नाही, आणि एबीएससारख्या काही प्लास्टिकांना तर तो तडे पाडू शकतो. आट्यांवर तेल असेल तर पकड कमी होते. म्हणजे "लॉकटाइट लावलंय" हे उत्तर नाही. कशावर लावलंय, हा पुढचा प्रश्न आहे.

१९६९: बाजूने हलवून बघितलं

आता या गोष्टीचा मुख्य टप्पा. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या सोसायटीसमोर एक निबंध मांडला. त्याने दिशा बदलली. बोल्ट लांबीच्या दिशेने ताणण्याऐवजी त्याने दोन पट्ट्या बोल्टने आवळल्या आणि वरची पट्टी खालच्या पट्टीवर बाजूने मागे-पुढे सरकवली. सरकवत असताना बोल्टमधला ताण किती उरतो, ते तो सतत मोजत राहिला. नीट आवळलेला बोल्टसुद्धा काहीशे फेऱ्यांत पूर्ण सैल होऊ शकतो, असं दिसलं.

यामागचं तत्त्व घरच्या उदाहरणाने समजतं. जमिनीत घट्ट बसलेली खुंटी सरळ वर ओढून निघत नाही. पण आधी डाव्या-उजव्या बाजूला हलवली आणि मग ओढली की अलगद येते. कारण घर्षण एका वेळी एकाच दिशेला, म्हणजे प्रत्यक्ष घसरण ज्या दिशेला चालू आहे तिच्या विरुद्ध, काम करतं. एका दिशेने घसरण सुरू झाली की बाकीच्या दिशांना अडवायला फारसं घर्षण उरत नाही. बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. बोल्टमधला ताण नटाला सतत त्या उतारावरून खाली ढकलत असतो आणि घर्षण त्याला धरून ठेवतं. बाजूच्या हालचालीने ती पकड सुटली की नट उतारावरून घसरतो, म्हणजेच फिरतो. कुणी पान्याने फिरवायची गरज नाही.

या चाचणीला आज युंकर टेस्टच म्हणतात. आधी जर्मन मानक आलं, पुढे २०१५ मध्ये आयएसओचं. या यंत्रावर जुन्या समजुती एकेक करून तपासल्या गेल्या आणि सगळ्यात मोठी पडझड झाली ती स्प्रिंग वॉशरची. तो पूर्ण चपटा आवळला गेला की त्याची स्प्रिंग संपते आणि तो साध्या वॉशरसारखाच वागतो. युंकर टेस्टमध्ये असा जोड जवळपास तितक्याच लवकर सैल होतो, कधी कधी आणखी लवकर. नासाच्या १९९० च्या फास्टनर मार्गदर्शिकेतही असा वॉशर नट अडवून धरायला निरुपयोगी असल्याचं म्हटलं आहे. आमच्या चारही नटांखाली तोच होता.

नायलॉक नटाचं वर्तन जास्त उद्बोधक आहे. बाजूच्या हालचालीत त्याचाही ताण बराच जातो. पण आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे तो बोल्टवरून निघून पडत नाही. यातून जर्मन अभियंत्यांनी दोन वेगळे शब्द पक्के केले: एक "फिरून सैल होण्यापासून संरक्षण" आणि दुसरा "हरवण्यापासून संरक्षण". पुलाच्या जोडात पहिलं महत्त्वाचं. इंजिनाच्या हवेच्या वाटेत दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण तिथे ढिला नट आवाज करतो आणि हरवलेला नट इंजिन घेऊन जातो. स्क्रूचं टोक ठेचणारे जुने कारागीर नेमकं हे दुसरं संरक्षण देत होते. त्यांच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता इतकंच.

मोठ्या कंपन्याही चुकल्या

हे सगळं माहीत झाल्यावर प्रश्न सुटला असेल असं वाटतं. तसं झालं नाही. धूर आणि इंधन कमी करण्यासाठी काही इंजिनांच्या मॅनिफोल्डमध्येच हलती पाती बसवली गेली. कमी वेगात पातं मिटायचं आणि हवेला भोवऱ्यासारखं फिरवायचं. बीएमडब्ल्यूच्या एम४७ आणि एम५७ या डिझेल इंजिनांत अशी पाती होती. सुरुवातीच्या रचनेत ती दांड्याला दोन बारीक स्क्रूंनी धरलेली होती. काही इंजिनांत स्क्रू किंवा पातं तुटून सिलिंडरमध्ये गेलं आणि इंजिनं निकामी झाली. नंतरच्या रचनेत दांडा जाड केला आणि स्क्रू काढूनच टाकले. अमेरिकेत २००० च्या दशकाच्या सुरुवातीला विकल्या गेलेल्या निस्सानच्या क्यूआर२५डीई इंजिनांतही मॅनिफोल्डमधल्या पात्यांचे स्क्रू सुटून आत जाण्याचा दोष प्रसिद्ध आहे.

गंमत बघा. इथे मॉडिफिकेशन उलट्या दिशेने कामाला आलं. बीएमडब्ल्यूचे अनेक मालक ती पाती काढून तिथे बुचं बसवतात. निस्सानवाल्यांनी मॅनिफोल्ड उतरवून स्क्रूंना लॉकटाइट लावलं. म्हणजे मॉडिफाय करणं वाईट आणि कंपनीचं ते चांगलं, इतका हा हिशोब सोपा नाही. फिल्टरच्या पलीकडे प्रत्येक नवी सुटी वस्तू हा एक नवा धोका, मग ती कंपनीने बसवलेली असो की आपण.

आपल्या गाडीत हे कुठे लपलेलं असतं

मॉडिफाय केलेल्या हवेच्या वाटेकडे या इतिहासाच्या चष्म्यातून बघू. लांब पाइपच्या टोकाला लटकवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर घ्या. त्याला आधाराचा ब्रॅकेट नसेल तर तो इंजिनाबरोबर डुलतो आणि प्रत्येक डुलण्याला पाइपचा जोड बाजूने थोडा सरकतो. ही चालती-बोलती युंकर टेस्टच आहे. पाइपात बसवलेले सेल्फ-टॅपिंग स्क्रू, पॉप रिव्हेटमधून तुटून उरलेला खिळ्याचा तुकडा, "मायलेज वाढवतो" म्हणून पाइपात सरकवलेला पात्यांचा पत्रा, भोंग्याच्या तोंडावरची सैल जाळी, काम करताना मॅनिफोल्डच्या भोकात कोंबलेलं आणि विसरलेलं फडकं, या सगळ्यांची वाट एकच.

क्लॅम्प सुटला आणि तुकडा आत गेला नाही, तरी फिल्टर चुकवून हवा आत शिरते. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. धुळीतल्या वाळूचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. हे नुकसान आवाज करत नाही, हळूहळू सिलिंडर घासत राहतं.

मी आता टीमच्या मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. हा जोड सुटू नये म्हणून काय केलं? सुटला तरी तुकडा पडू नये म्हणून काय केलं? पडला तरी इंजिनात जाऊ नये म्हणून काय केलं? फिल्टरच्या पलीकडच्या जोडांना तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "काहीच नाही" असतं, म्हणून दुसऱ्याचं उत्तर भक्कम लागतं. टोक ठेचा, तार बांधा, गरम भाग नसेल तर नायलॉक वापरा, वेल्ड करा, किंवा सगळ्यात उत्तम, नट टाकीच्या बाहेरच्या बाजूला घ्या. आत बोल्टचं डोकं ठेवायचं झालं तर तेही पक्कं करा.

पुन्हा तो नट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सरांनी मला युंकरचा निबंध वाचायला दिला. वाचता वाचता मला आमची टाकी आठवली. मी जुना फोटो मागवून घेतला. पेंट मार्क सरळ रेषेत होते. मुलाने ठरलेल्या टॉर्कलाच आवळलं होतं.

मग काय चुकलं? पहिली गोष्ट, टॉर्क म्हणजे ताण नव्हे. पान्यावर लावलेल्या १०० रुपयांच्या जोरातले साधारण ५० नटाखालच्या घर्षणात जातात, ४० आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात १०. घर्षण थोडं बदललं की हे १० वर-खाली होतात. दुसरी गोष्ट, बोल्ट फार आखूड होता. धातूच्या दोन पट्ट्या मिळून ५ मिलिमीटर जाडी असेल तर चांगला आवळलेला एम४ बोल्ट फक्त काही मायक्रॉन लांबतो. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. पृष्ठभाग तेवढे दबले की ताण संपला. आमच्याकडे तर एका बाजूला नायलॉन होतं, आणि ते सततच्या दाबाखाली हळूहळू बसत जातं. रात्री आवळलेला ताण सकाळी तेवढा राहिलेला नसणार. भोकात धातूची बुश बसवली असती तर हे टळलं असतं. तिसरी गोष्ट, एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर आणि भोंग्याचं बाजूने सरकणं. चौथी, स्प्रिंग वॉशरवरचा विश्वास. यातली एकही गोष्ट त्या मुलाच्या हातात नव्हती. टाकीचं डिझाइन तपासून सही करणाऱ्यांत माझं नाव होतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. "नट ढिला सापडला" हे निरीक्षण आहे. "नट नीट आवळला नव्हता" हा निष्कर्ष आहे. मी वहीत निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष लिहिला आणि त्याबरोबर पुढचे सगळे प्रश्न बंद केले. १९४५ नंतर बऱ्याच वर्कशॉपांत हेच झालं असणार. युंकरने वेगळं काय केलं? मेकॅनिक निष्काळजी आहे, हे त्याने आधीच गृहीत धरलं नाही. त्याने नीट आवळलेला बोल्ट घेतला आणि तो सुटतो का ते बघितलं. तुमच्या प्रयोगवहीत आजच बघा, किती निष्कर्ष निरीक्षणाचे कपडे घालून बसले आहेत.

आणि गॅरेजमधल्या काकांचं विसरू नका. आपल्या विषयातली पोकळी शोधताना आपण निबंध चाळतो. पण एखादी गोष्ट कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत असतील आणि निबंधांत तिचं कारण नसेल, तर प्रश्न तिथेही असतो.

मागच्या महिन्यात मी त्या मुलाला फोन केला. आता तो नोकरीला आहे. मी सगळं सांगितलं, टॉर्क, नायलॉन, युंकर. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, मला तेव्हाच माहीत होतं मी आवळलं होतं. पण वहीत काय लिहिलंय अजून?" ती वही टीमकडे आहे, नवीन मुलं तीच वाचून शिकतात. मी गेल्या शनिवारी कॉलेजात जाऊन त्या पानाखाली नवीन नोंद लिहिली, तारीख घालून, सही करून. जुनी ओळ खोडली नाही. आधी काय समजलं होतं, तेही पुढच्यांना दिसलं पाहिजे.

पुढच्या लेखात युंकर टेस्टचं छोटं यंत्र कॉलेजच्या लॅबमध्ये कमी खर्चात कसं बनवता येईल ते बघू. तुमच्या लॅबमध्ये लोड सेल असेल तर तो कितीपर्यंत मोजतो, तेवढं बघून ठेवा.